पळतं दुखणं आणि उस्तादांची पट्टी

आमच्या दवाखान्यात एका कोपऱ्यात काठ्या साठल्या आहेत. बांबूच्या, शिसवीच्या, एक तर चांदीच्या मुठीचीसुद्धा. माणूस काठी टेकत येतो, मोठ्या डॉक्टरांशी पाऊण तास बोलतो, औषधाची बाटली घेतो आणि काठी विसरून चालत घरी जातो. मोठे डॉक्टर त्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "ही माझी सर्टिफिकेटं!"

मी म्हणते, "त्यातल्या निम्म्या लोकांनी घरी जाऊन दुसरी काठी घेतली असेल."

ते म्हणतात, "घेतली तर घेतली. इथून तर चालत गेले ना!"

किस्सेही असेच साठतात. मुद्दाम कोणी ठेवून जात नाही. विसरून जातात, आणि मग ते आपलेच होऊन बसतात.

तर दवाखाना जबलपूरच्या नेपियर टाउनमधला, हाडं आणि सांधे यांच्यासाठी नावाजलेला. मोठे डॉक्टर म्हणजे मालक, साठीच्या पुढचे. भैयालाल म्हणजे कंपाउंडर, त्याचं वय कोणालाच माहीत नाही. आणि मी छोटी डॉक्टरीण. दोन वर्षांपूर्वी नागपूरहून शिकून आले, तेव्हा वर्षभरात सगळ्या जबलपूरचे सांधे सरळ करायचे असं ठरवूनच टांग्यातून उतरले होते! खाली माणसांची नावं बदलली आहेत. सांधे ज्याचे त्याचे आहेत.

*

आले तेव्हा मला एका शब्दाचा फार राग होता. वात! गुडघा दुखला की वात, खांदा धरला की वात. स्टेशनवरच्या एका हमालाच्या पायावर पेटी पडली होती, तोही सांगत आला की वात झालाय!

पहिल्याच आठवड्यात मी बोर्ड रंगवून घेतला. मराठीत आणि हिंदीत. 'प्रत्येक सांधेदुखी म्हणजे वात नव्हे. दुखणी अनेक, उपाय वेगवेगळे. तपासून घ्या.'

बोर्ड लागला त्या सकाळी एक पेन्शनर गृहस्थ बराच वेळ त्याच्यापुढे उभे राहिले. चष्मा पुसून दोनदा वाचला. मला काय आनंद झाला! आत आले आणि म्हणाले, "बोर्ड फार छान केला जी. अक्षर कोणाचं?"

"पेंटरचं. तुम्हाला काय होतंय?"

"मले? मले वात आहे."

मोठे डॉक्टर पोट धरून हसले. मग म्हणाले, "तू लोकांना उत्तर सांगत सुटली आहेस. आधी प्रश्न विचार. दुखतं कुठे, हे तर कोणीही विचारेल. सकाळी उठल्यावर किती वेळ आखडतं, हे विचार. दहा-पंधरा मिनिटांत मोकळं झालं तर सांधा झिजलाय. दुपार झाली तरी सुटत नसेल तर सांधा आतून सुजून राहिलाय. दोघांना एकच तेल चोळून कसं चालेल?"

तेव्हापासून तो आमच्या दवाखान्याचा प्रश्न झाला. भैयालाल तर आता पोस्टमनलाही विचारतो, "भैया, सुबह कितनी देर अकड़ता है?"

*

दवाखान्यात धन्वंतरीची तसबीर आहे. भैयालाल सकाळी ग्वारीघाटावर नर्मदेत डुबकी मारतो आणि येताना तसबिरीला झेंडूची माळ आणतो. एक दिवस मोठे डॉक्टर तसबिरीपुढे हात जोडून उभे राहिले ते हललेच नाहीत. मला वाटलं, भक्ती.

"भैयालाल, ये माला किसने बनाई?"

"गेंदाबाई ने, साहब. बीस साल से वही देती है."

"उसे बुला लाना."

दुसऱ्या दिवशी गेंदाबाई आली ती टोपली कमरेवर घेऊन, भांडायच्याच तयारीनं. भैयालालनं तिला एवढंच सांगितलं होतं, की माळ सैल आहे म्हणून साहेबांनी बोलावलंय! दारातूनच सुरू झाली, "ढीली है तो दूसरी ले लो! बीस बरस में किसी भगवान ने सिकायत नहीं की!"

"हाथ दिखाओ," मोठे डॉक्टर म्हणाले.

दोन्ही हातांच्या बोटांची मुळं सुजलेली. जे सांधे उजव्या हाताचे, तेच डाव्याचे.

"सुबह कितनी देर?"

गेंदाबाईचा आवाज एकदम खाली आला. दुपारच्या जेवणापर्यंत मूठ मिटत नाही म्हणाली. दोरा ओढून गाठ मारायची वेळ आली की डोळ्यांत पाणी येतं, म्हणून सैल ठेवते. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

तिला जेवणानंतर घ्यायच्या गोळ्या दिल्या, सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितले, आणि माळा सकाळी नाही, आदल्या संध्याकाळी करायच्या, ओल्या फडक्यात ठेवायच्या, असं ठरलं. आता आमच्या धन्वंतरीला शिळी माळ असते, पण गाठी गच्च!

मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. चार महिने मीही ती माळ रोज बघत होते.

*

बापूसाहेब सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत हेडक्लार्क. सोवळ्यातलं घर. एकदा सकाळी टांग्यातून आले ते एका पायात बूट आणि दुसरा पाय उशीवर. उजव्या पायाचा अंगठा लालबुंद, टोमॅटोसारखा चकाकत होता.

"चादर लागली तरी जीव जाऊन राहिला जी! काल निजताना धड होता. काही चावलं असंल का?"

"खाणंपिणं काय असतं?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या घरात कांदा येत नाही, डॉक्टरसाहेब! चातुर्मास पाळतो आम्ही!"

मोठे डॉक्टर त्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "मग हा अंगठा कोणाच्या घरी जेवतो, बापूसाहेब?"

बापूसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि कुजबुजले, "साहेब दौऱ्यावर शिकारीले जाते ना जी... तंबूत बसवते... आता साहेबाचं मन कसं मोडावं?"

मी फस्सकन हसले आणि मला बाहेर काढण्यात आलं. मांस बंद, दारू बंद, पाणी भरपूर आणि औषधाचे थेंब मोजून. जाताना बापूसाहेब माझ्याजवळ थांबले. "बाई, घरी अंगठ्याबद्दल काही बोलू नका. म्हणजे अंगठ्याबद्दल बोला, पण..."

"समजलं," मी म्हणाले.

*

अंगठा बघायला मी त्यांच्या घरी गेले आणि मला काकूंचे गुडघे सापडले.

काकू म्हणजे बापूसाहेबांची बायको. पहाटेपासून चुलीपुढे पाटावर बसलेली. उठायचं झालं की आधी भिंत धरायची, मग दाराची चौकट, मग शकूचा खांदा. शकू ही त्यांची एकुलती एक मुलगी, बारा वर्षांची. पाणी तीच आणायची, डबे तीच द्यायची, आईला उठवायचीही तीच.

गुडघे तपासले. करकर वाजत होते, सकाळी दहा मिनिटं आखडायचे. झीज. मी सांगून टाकलं, "काकू, खाली बसणं बंद. ओटा बांधा आणि उभ्यानं स्वयंपाक करा."

"उभ्यानं? काहून? मी काय हॉटेलात आहे का?"

पंधरा दिवस वाद चालला. शेवटी मी स्वतः गवंडी घेऊन गेले. बापूसाहेब काही न बोलता हो म्हणाले. अंगठ्याची गोष्ट मला माहीत होती ना! काकूंच्या कमरेचं माप घेऊन ओटा बांधला, चूल वर चढवली. मी दवाखान्यात येऊन जाहीर केलं, की आता नेपियर टाउनपासून ग्वारीघाटापर्यंत सगळ्या चुली वर जाणार!

आठ दिवसांनी बघायला गेले. काकू ओट्यावर होत्या. म्हणजे, ओट्यावर! चुलीशेजारी पाट मांडून, मांडी घालून, डोकं आढ्याला टेकायला आलेलं. खालून शकू एकेक डबा वर देत होती.

"बरं केलं बाई तुम्ही," काकू वरून म्हणाल्या. "आता मांजर नाही येत."

"पण तुम्ही चढता कशा?"

"स्टुलावरून. मग शकू ढकलते."

*

पुढच्या महिन्यात गेले तर शकू खाटेवर. मनगटाला हळदीचं फडकं.

"उस्ताद येऊन गेले," काकू कौतुकानं म्हणाल्या.

उस्ताद म्हणजे ग्वारीघाटाच्या रस्त्यावरच्या आखाड्याचे पैलवान. चाळीस वर्षं हाडं बसवतात. अर्ध्या जबलपूरचा त्यांच्यावर विश्वास, आणि माझा बोर्ड त्यांच्यासाठीच होता म्हटलं तरी चालेल.

"सोमवारी गुडघा धरला होता," काकू सांगू लागल्या. "उस्तादांनी बसवला. बुधवारी गुडघा एकदम साफ! मग घोटा धरला. तोही बसवला. मग कोपर. आज मनगट. आठ दिवसांत चार जोड बसवले, बाई! हात आहे का जादू!"

मी शकूच्या कपाळाला हात लावला. "ताप येतो?"

"येते थोडासा."

"मागे घसा दुखत होता का?"

"हो ना. दोन-तीन हप्ते झाले असतील."

मी शकूच्या छातीला नळी लावली. दोन स्वच्छ ठोके यायला हवेत, तिथे दोघांच्या मध्ये कोणी फुंकर घालावी तसा आवाज येत होता.

मी त्यांना बसवून सांगितलं. हे दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात आपोआप पळतं. कोणी बसवलं नाही तरी पळतं. सांधे उद्या धडधाकट होतील, पण ते हृदयात घर करून बसलं तर विसाव्या वर्षी ही पोरगी जिना चढू शकणार नाही. सहा आठवडे अंथरूण. पाय जमिनीला लावायचा नाही. दर चार तासांनी मिक्श्चर. कागदाच्या तीन पानांवर सगळं लिहून दिलं.

"पण बाई," बापूसाहेब म्हणाले, "जोड तर बसले ना!"

दोन दिवसांनी गेले तर शकू विहिरीवरून घागर घेऊन येत होती. काकू ओट्यावर अडकलेल्या. मी तिथे उभ्या उभ्या आरडाओरडा केला, काकूंवर, बापूसाहेबांवर, घागरीवरसुद्धा. शकू माझा हात धरून म्हणाली, "ताई, मला काही नाही होऊन राहिलं. खरंच."

तिला खरंच काही होत नव्हतं. तेच तर भयंकर होतं.

*

भैयालालची सायकल घेतली आणि तडक आखाडा गाठला. वाटेत पाच मैलांचं भाषण तयार केलं.

उस्ताद खुर्चीवर बसले होते, चेले मातीत. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आपने चार जोड़ बिठाए. उनमें से एक भी उखड़ा नहीं था!"

उस्तादांनी हात वर केला आणि चेल्यांना नदीवर पाठवलं. मग म्हणाले, "हओ बिटिया. पहले घुटने पे ही समझ गया था."

"तो बाँधा क्यों?"

"रो रही थी."

माझं पाच मैलांचं भाषण तिथेच संपलं.

"चालीस साल में ऐसा पहलवान नहीं देखा," उस्ताद म्हणाले. "इधर पकड़ो, उधर निकल जाता है. मेरे बस का नहीं है. तुम पकड़ो."

एवढं बोलून ते खुर्चीचे दोन्ही हात धरून उठले. उठताना त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. मग त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

"किसी से कहना मत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद व्हायच्या वेळी मागच्या दारानं आले. चाळीस वर्षांच्या बैठकांनी गुडघे पार झिजलेले. मी म्हणाले, जमिनीवर बसायचं नाही, काठी वापरायची.

"लाठी? मैं? चेलों के सामने?" उस्ताद उखडले. खुर्चीचं त्यांनी कसंबसं निभावलं होतं. चेल्यांना सांगितलं होतं, की वरून डाव स्वच्छ दिसतो!

मोठे डॉक्टर चहा बशीत ओतत होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझी तीन पानं त्या घरात कोणी वाचली नाहीत. यांची एक पट्टी मात्र सगळे मानतात." आणि उस्तादांना म्हणाले, "आप ही बाँध दीजिए. बच्ची के दोनों पाँव."

मी भडकले. "म्हणजे खोटी पट्टी? त्यासाठी शिकून आले मी?"

"पट्टी खोटी असेल," मोठे डॉक्टर म्हणाले. "झोपणं तर खरं ना!"

*

उस्तादांनी शकूच्या दोन्ही पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत मऊ फलालीनची पट्टी गुंडाळली. अगदी सैल, पण असा चेहरा करून, की जणू किल्ल्याचा दरवाजा बंद करताहेत. मग घरच्यांकडे बघून म्हणाले, "जब तक मैं खुद आके न खोलूँ, पाँव ज़मीन पर नहीं."

आणि पाय जमिनीवर आला नाही!

काकू स्वतः सांगायच्या, "उस्तादांनी बांधलंय. हलायचं काम नाही." आता ओट्यावर डबे द्यायला कोणी नाही, ढकलायलाही कोणी नाही. दोन दिवस काकू चढल्या-उतरल्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मेलं ते चढणं!" आणि खाली उभ्या राहून भाकऱ्या थापू लागल्या. महिन्याभरात भिंत धरायच्या राहिल्या. बापूसाहेबांनी साहेबाला कळवलं की पोरगी आजारी आहे, दौऱ्यावर येणं जमत नाही. अंगठा गप्प झाला. एका फलालीनच्या पट्टीत तीन रोगी!

चौथी मात्र मी होते. दुपारी शकू झोपली की तिची नाडी मोजायची. जागेपणीची नाडी फसवते, झोपेतली खरं सांगते. पहिले दोन आठवडे आकडा हलेना. औषध वाढवलं तर शकू म्हणाली, "ताई, कानात आरती चालू आहे." कान वाजू लागले म्हणजे औषध जास्त झालं. कमी केलं. एकदा मोठे डॉक्टर स्वतः आले, नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि काहीच बोलले नाहीत. ते बोलले नाहीत की मला भीती वाटते. ती पट्टी दिसली की वाटायचं, आपण या घराला फसवतोय, आणि फसवूनही पोरगी हातची गेली तर?

शकूला एवढंच कळत होतं की कंटाळा आलाय. त्यामुळे तिनं मला प्रत्येक प्रश्नाचा अर्थ विचारून घेतला. झीज कशी ओळखायची, सूज कशी ओळखायची. मग खाटेवरून दूधवाल्याला, धोबिणीला, शेजारच्या आजोबांना तपासायला लागली.

चौथ्या आठवड्यात नाडी उतरू लागली. सहाव्यात ती फुंकर इतकी बारीक झाली, की मला शोधावी लागली. सातव्यात मोठे डॉक्टर म्हणाले, "उठू दे. हळूहळू."

मी ठरवलं, पट्टी सुटली की सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकायचं.

*

पट्टी सोडायला उस्ताद चार चेल्यांसह टांग्यातून आले. दारात शेजारीपाजारी जमले होते. मी घाईनं खुर्ची पुढे सरकवली. उस्तादांनी चेल्यांकडे एक नजर टाकली, खुर्ची बाजूला केली आणि खाटेपाशी जमिनीवर बसले. गुडघ्यांचा आवाज मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला.

एक पाय सोडला. दुसरा सोडला. "रखो, बिटिया."

शकूनं पाय जमिनीवर ठेवले. खाटेची कड धरून उभी राहिली. मग कड सोडली आणि तीन पावलं चालली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. बापूसाहेब म्हणाले, "वा उस्ताद! मान गए!" सगळे उस्तादांकडे बघायला लागले.

उस्तादांनी उठायला हात टेकला. उठले नाहीत. परत टेकला. परत नाही. एक चेला पुढे सरकला, उस्तादांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जागीच थिजला. मी खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात शकू वळली.

शकू तीच तीन पावलं परत चालत आली. खाटेच्या कडेवर उस्तादांच्या समोर बसली. आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली,

"उस्तादजी, सुबह कितनी देर अकड़ता है?"

उस्ताद तळहाताची धूळ झटकू लागले.

"दस मिनट, कि दोपहर तक?"

"दस मिनट," उस्ताद हळूच म्हणाले.

शकूनं मान डोलावली. जमिनीवर पडलेली फलालीनची पट्टी उचलली आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याला गुंडाळायला सुरुवात केली. वळसे मोजून, तोच किल्ल्याच्या दरवाज्याचा चेहरा करून. गाठ मारली.

"जब तक मैं खुद आके न खोलूँ," ती म्हणाली, "पाँव ज़मीन पर नहीं."

चारी चेले आ वासून बघत होते. बापूसाहेब आढ्याकडे बघायला लागले.

उस्तादांनी एकदा चेल्यांकडे पाहिलं. एकदा शकूकडे पाहिलं. आणि दुसरा गुडघा पुढे केला.